बियाण्याला नावं ठेवण्याआधी जमीन बघा

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं पारावर, चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात दुसरा विषय नसतो. 2025 साली राज्यात 211 मुलांना शंभर टक्के गुण पडले. त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतली. कला-क्रीडेचे वाढीव गुण त्यात धरलेले असतात हे खरं, तरी निम्म्याहून जास्त! मग कोणीतरी हमखास म्हणतं, "लातूरच्या पोरांचं डोकंच वेगळं." दुसरा म्हणतो, "डोकं कसलं, क्लासचा पैसा बोलतो." आणि तिसरा आपल्याच पोराकडं बघून म्हणतो, "याला कुठंबी घाला, खाण तशी माती."

त्याच तक्त्यातला दुसरा आकडा मात्र फारसं कोणी वाचत नाही. लातूर विभागाचा एकूण निकाल होता 92.77 टक्के. राज्याची सरासरी 94.10. नऊ विभागांत लातूर आठवं. म्हणजे राज्यातली सगळ्यात वरची पोरं जिथं, तिथंच खालून दुसरा निकाल. तिथल्या पोरांचं डोकंच वेगळं असतं, तर हे दोन आकडे एकाच तक्त्यात बसले नसते.

मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर 27 वर्षं शिकवलं. माणूस जन्मानं घडतो, घरानं की गावानं, हा प्रश्न रोज समोर बसलेला असायचा. शास्त्रज्ञांनी यावर दीडशे वर्षं डोकं लावलंय आणि बरंच काही हाती आलंय. पण ते टक्केवारीच्या भाषेत येतं आणि ती टक्केवारी जवळजवळ सगळेच उलटी वाचतात. म्हणून हा लेख.

## एकाच म्हणीत दोन्ही बाजू

आपल्या म्हणी दोन्हीकडून बोलतात. "खाण तशी माती", "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" या जन्माच्या बाजूच्या. उलट बाजूला "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." ही म्हण मला फार नेमकी वाटते. वाण म्हणजे रंग. ढवळ्याच्या शेजारी वर्षभर बांधलं म्हणून पवळ्या पांढरा होत नाही. पण ढवळ्या मारका असेल तर हाही शिंगं उगारायला शिकतो आणि ढवळ्या औताला सरळ चालणारा असेल तर हाही तासात सरळ चालतो. काय बदलतं आणि काय बदलत नाही, दोन्ही एका ओळीत आलं.

शास्त्राच्या भाषेत वाण म्हणजे जनुकं. शरीर कसं बांधायचं याच्या सूचना, निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या बापाकडून. बाकी सगळं म्हणजे पोटातलं पोषण, घर, बोली, शाळा, मित्र, गाव, जात, पाऊसपाणी. याला आपण परिस्थिती म्हणू. हे दोन शब्द एवढे ध्यानात ठेवा.

या वादाला आजचं रूप दिलं इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टननं, 1870 च्या आसपास. त्यानं नामवंत घराणी तपासली आणि बुद्धी रक्तातून येते असा निष्कर्ष काढला. न्यायाधीशाच्या मुलाला न्यायाधीशाचं घर, पुस्तकं आणि ओळखीही वारशानं मिळतात, याचा हिशोब त्यानं नीट धरला नाही. त्याच विचारातून पुढं माणसांची निवडक पैदास करण्याची कल्पना निघाली आणि तिनं जगात भयंकर नुकसान केलं. म्हणून हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही.

## "अर्धं जन्मानं, अर्धं संस्कारानं" हे गणित कुठं चुकतं

जनुकं मोजायची जुनी रीत जुळ्यांची आहे. हुबेहूब एकसारखी जुळी एकाच बीजातून फुटलेली, त्यांची जनुकं जवळपास सारखी. साधी जुळी दोन बीजांतली, त्यांची सरासरी निम्मी जुळतात. घर दोघांनाही एकच. मग हुबेहूब जुळी एखाद्या गुणात साध्या जुळ्यांपेक्षा किती जास्त सारखी निघतात, यावरून जनुकांचा वाटा काढतात. 2015 साली पन्नास वर्षांतले असे 2,748 शोधनिबंध एकत्र तपासले गेले. जुळ्यांच्या जोड्या होत्या 1 कोटी 45 लाख आणि सगळ्या गुणांची सरासरी निघाली 49 टक्के.

झालं, लोकांनी अर्थ लावला की माणूस निम्मा जन्मानं घडतो आणि निम्मा संस्कारानं. हा अर्थ चुकीचा आहे. का, ते ज्वारीवरून बघू.

घरी राखलेल्या गावरान ज्वारीचं पोतं घ्या. दाणे मिश्र, काही जोमदार, काही किरकोळ. अर्धं पोतं नदीकाठच्या काळ्या, कसदार, सगळीकडं सारख्या रानात पेरा. तिथं एक ताट डोक्याएवढं, दुसरं खांद्याएवढं निघालं, तर फरक कशाचा? जमीन एक, पाणी एक, खत एक. म्हणजे फरक बियाण्याचा. या रानापुरतं म्हणता येईल की फरकात बियाण्याचा वाटा 100 टक्के. आता उरलेलं अर्धं पोतं मुरमाड माळावर टाका. तिथंही सगळीकडं सारखाच मुरूम. तिथली ताटंही एकमेकांत लहानमोठी निघतील आणि तिथंही तो फरक बियाण्याचाच, पुन्हा 100 टक्के. पण काळ्या रानातली ज्वारी डोक्याबरोबर आणि माळावरची कमरेएवढी, हा फरक कशाचा? पोतं तर एकच होतं. हा फरक सगळाच्या सगळा जमिनीचा.

हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. "49 टक्के" हा आकडा एकाच रानातल्या ताटांमधल्या फरकाचा आहे. एका ताटाची उंची किती बियाण्यानं आणि किती मातीनं आली, हे तो सांगत नाही. दोन रानांमधल्या फरकाबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

माणसाची उंची घ्या. चांगलं खायला मिळणाऱ्या समाजात उंचीतल्या फरकात जनुकांचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास निघतो. तरी शंभर वर्षांत दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची 20 सेंटिमीटरनं वाढली. चार पिढ्यांत तिथल्या लोकांची जनुकं पालटली नाहीत. ताटातलं अन्न पालटलं, पाणी पालटलं, दवाखाने आले.

आणखी पुढचं म्हणजे ही टक्केवारी स्वतःच जमिनीप्रमाणं बदलते. 2003 साली अमेरिकेत सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास झाला. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा निघाला, अगदी गरीब घरांत जवळजवळ शून्य. दुष्काळात चांगलं बी आणि हलकं बी दोन्ही सारखंच करपतं, तसं. युरोपात असा फरक तेवढा दिसला नाही. तिथं गरीब घरालाही सरकारचा आधार बऱ्यापैकी असतो, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. म्हणजे गरिबाच्या लेकरात काय आहे हे कळायलाही आधी त्याला पाणी द्यावं लागतं.

## ट आणि त

परिस्थितीचं काम किती लवकर सुरू होतं याचा मला आवडणारा दाखला आपल्याच अक्षरांचा आहे. कॅनडात 1984 साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसाला हे दोन आवाज एकच वाटतात. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक बरोबर कळत होता! दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारं क्वचितच उरलं होतं. घरात तो फरक कोणी वापरत नाही, म्हणून मेंदूनं तो सोडून दिला. आपलं लेकरू रोज "ताट" ऐकतं, त्यामुळं त्याला दोन्ही राहतात. लेकरू पहिलं पाऊल टाकायच्या आत गावानं त्याच्या कानाची निवड केलेली असते.

मग लातूरचं लेकरू "काय करलालास?" विचारतं आणि पुण्याचं "काय करतोयस?", यात बियाण्याचा काडीचाही संबंध नाही.

हे झालं आवाजाचं. माणसाच्या मायेचं काय? याचं उत्तर फार दुःखद रीतीनं मिळालं. रोमानियात 1989 साली हुकूमशाही कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं सरकारी अनाथालयांत होती. अन्न होतं, पांघरूण होतं, पलंग होता. पण रडलं तर उचलून घेणारं ठरलेलं माणूस नव्हतं. 2000 साली बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं, चिठ्ठी टाकावी तशी निवडून, सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. अशी कुटुंबं तिथं तेव्हा जवळजवळ नव्हतीच, संशोधकांनीच ती उभी केली. साडेचार वर्षांच्या वयात अनाथालयातल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक 73 होता, कुटुंबात गेलेल्यांचा 81 आणि त्याच शहरात आपल्या घरी वाढलेल्यांचा 109. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं जास्त सावरली. मेंदूच्या वाढीत अशा काही खिडक्या असतात, त्या काळात मिळालेलं फार खोल रुजतं.

आमच्याकडं आजी बाळाला तेल लावून, पाय पसरून, पायांवर घेऊन न्हाऊ घालते. बाळ हुंकार देतं, आजी "हो गं माझी बाय" म्हणते, बाळ पुन्हा हुंकार देतं. या देवघेवीला आपण संस्कार म्हणत नाही. पण बुखारेस्टच्या पलंगांवर नेमकं हेच नव्हतं.

## 47 पेंढ्या

आता माझ्या वर्गात या.

आमच्या भागात दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर भरायला लागतात. ताडपत्री, पिठाचा डबा, सरपण, दोन शेळ्या, वर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं आणि पाडव्याच्या आसपास परतायचं. हजेरीपटावर नोव्हेंबरपासून गैरहजेरीच्या रेघा सुरू होतात. निम्मा वर्ग एकदम रिकामा होतो.

एका वर्षी चौथीतली एक मुलगी मार्चअखेर परत आली. फळ्यावर 47 गुणिले 6 मांडलं आणि तिला उभं केलं. तिनं 2442 लिहिलं. चार सक चोवीस, सात सक बेचाळीस, दोन्ही शेजारी शेजारी. मी वैतागून म्हणालो, "बस खाली." तेवढ्यात तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, "सर, ती कोपीवर वाढे इकायची." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बैलांना, म्हशींना चारा म्हणून विकतात. मी विचारलं, "पेंढी सहा रुपयाला. गिऱ्हाइकानं 47 पेंढ्या घेतल्या आणि तीनशे दिले. परत किती देशील?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "अठरा."

"कसे?"

"पन्नास पेंढ्याचे तीनशे व्हतेत. तीन कमी हैत. तिनाचे अठरा. ते वापस."

कागद नाही, हातचा नाही. मी ज्याला गुणाकार म्हणत होतो त्याच्यापेक्षा सरस गणित तिनं केलं होतं, आणि ते तिला ऊस तोडणाऱ्या टोळीनं शिकवलं होतं. शाळेनं तिला 2442 शिकवलं होतं.

हा काही एकट्या माझ्या वर्गातला चमत्कार नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर गोळ्या-नारळ विकणारी मुलं 1985 च्या एका अभ्यासात विक्रीचे हिशोब 98 टक्के वेळा बरोबर करत होती. तीच गणितं कोरडी आकड्यांत मांडून दिली तर बरोबर येण्याचं प्रमाण 37 टक्क्यांवर आलं. 2025 साली दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तिथंही हेच दिसलं. शिवाय उलटंही दिसलं: शाळेत जाणारी मुलं पाटीवरचं करू शकत होती, बाजारातला हिशोब त्यांना जड जात होता.

म्हणजे गाव, टोळी, बाजार हे सगळे शिकवतातच. प्रत्येक समाज आपल्या लेकरांना जगायला लागणारं आधी शिकवतो आणि फार कसून शिकवतो. प्रश्न एवढाच, की त्या शिकवणीला पुढच्या दारात किंमत आहे का. त्या मुलीला कोपीवर किंमत होती, माझ्या वर्गात नव्हती. ती चूक माझी होती.

## नागसेनवनात काय घडलं

समाज हुनर तर देतोच, पण आपण काय होऊ शकतो याचं चित्रही तोच देतो. हे चित्र बदललं की माणसं कशी बदलतात, हे मराठवाड्यानं डोळ्यांनी बघितलंय.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरचं शिक्षण उर्दूतून. मराठी घरातल्या पोराला आधी परकी भाषा ओलांडावी लागायची, मग विषय. महाविद्यालयं बोटावर मोजण्याइतकी. त्यातही ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्यांच्या लेकरांनी महाविद्यालयाचं स्वप्न बघायचं तरी कुणाकडं बघून? 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं. तेच पुढं मिलिंद झालं. महाविद्यालयाच्या परिसरात, नागसेनवनात, वसतिगृहं उभी राहिली, म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य लाभले. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेला पोरगा पहिल्यांदा अशा जागी राहिला जिथं शेजारच्या खाटेवरचाही त्याच्यासारखाच होता आणि रात्री कंदिलाजवळ पुस्तक वाचत होता. त्या परिसरातून प्राध्यापक, अधिकारी, वकील निघाले आणि दलित साहित्याला लिहिते हात मिळाले.

तीस-चाळीस वर्षांत बियाणं बदललं होतं का? ज्यांच्याबद्दल हजार वर्षं "यांना विद्या चढत नाही" असं म्हटलं गेलं, त्यांच्या बाबतीत फक्त जमीन बदलली होती, आणि तीही पूर्ण नाही.

याहून जुना दाखला हवा तर गंगाखेडची जनाबाई. परंपरा सांगते की लहानपणी ती दामाशेटींच्या घरी आली, नामदेवांच्या घरात दळणकांडण करत वाढली. त्या घरात शब्द होता, विठ्ठल होता, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची चर्चा होती. दळणाऱ्या पोरीच्या कानावरही ते पडत होतं. त्या काळात किती घरांत किती पोरी जात्यावर बसल्या असतील, त्यांच्यातली किती जणी लिहू शकल्या असत्या, या विचारानं मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

## "मग पोराला लातूरला टाकलं की झालं?"

हा प्रश्न मला पालक विचारतात. उत्तर देण्याआधी एक सापळा ओळखायला हवा. लातूरला पोरं नांदेड, परभणी, बीड आणि त्याही पलीकडून येतात. येतात ती आधीच हुशार, किंवा त्यांचे आईबाप शेत गहाण ठेवून पाठवण्याइतके जिद्दीचे. मग यश लातूरच्या जादा तासांचं, चाचण्यांचं, की निवडून आलेल्या पोरांचं? नुसत्या निकालावरून हे सांगताच येत नाही. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ते काम फार मोलाचं होतं. पण त्यावरूनही जागा बदलल्याचा परिणाम किती हे मोजता येत नाही, कारण शेजारी तुलना करायला कोणी नाही.

म्हणून चिठ्ठी महत्त्वाची: कोण हलणार हे चिठ्ठीनं ठरलं, की दोन्हीकडची माणसं आधी सारखीच असतात आणि तुलना करता येते. अमेरिकेत 1994 ते 1998 दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली साडेचार हजारांवर कुटुंबं घेऊन त्यांच्यात सोडत काढली. जिंकणाऱ्यांना बऱ्या वस्तीत घरभाड्याची मदत मिळाली. तेरा वर्षांच्या आत जी मुलं तशी हलली, त्यांची विशी-पंचविशीतली कमाई न हललेल्यांपेक्षा 31 टक्के जास्त निघाली. तेरानंतर हललेल्यांना तसा फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं.

म्हणजे जागा बदलल्यानं फरक पडतो, हे पक्कं. पण लवकर पडतो, आणि हळूहळू पडतो. पंधराव्या वर्षी एकदम घरापासून तोडून खोलीत कोंडलेल्या पोराला जमीन मिळत नाही, कुंडी मिळते. माझं मत विचाराल तर अकरावीच्या क्लासवर घालवतो त्यातला चौथा हिस्सा पैसा आणि लक्ष आपण अंगणवाडीकडं दिलं असतं, तर लातूर विभागाचा तो दुसरा आकडा वर आला असता.

## "गरिबांच्या पोरांना धीरच नसतो"

हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी शेकडो वेळा ऐकलंय. याच्यामागं एक प्रसिद्ध प्रयोगही उभा करतात. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढं मिठाई ठेवली: आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. जी थांबली ती पुढं आयुष्यात बरी निघाली, असं दिसलं. 2018 साली बऱ्याच जास्त मुलांवर हा संबंध पुन्हा तपासला तर तो निम्म्यावर आला आणि घरची कमाई, आईचं शिक्षण वगैरे धरल्यावर फारच थोडा उरला.

2013 चा एक छोटा प्रयोग तर मला डोळ्यांपुढून हलत नाही. मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. काहींना दिले, काहींना "नाहीत रे, संपले" म्हणून सांगितलं. मग तीच मिठाई. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती 3 मिनिटं.

ज्या घरात उचल फिटेल का माहीत नाही, पाऊस पडेल का माहीत नाही, शाळा डिसेंबरात असेल का माहीत नाही, तिथलं लेकरू हातातला लाडू आत्ता खातं. ते त्याच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे.

## "एकाच घरातले दोन भाऊ वेगळे का निघतात मग?"

हा सगळ्यात चांगला आक्षेप आहे. थोरला तलाठी, धाकटा जुगारी. आईबाप तेच, घर तेच.

पण घर खरंच तेच होतं का? थोरला झाला तेव्हा विहिरीला पाणी होतं, धाकटा झाला तेव्हा जमीन विकलेली होती. थोरल्याला आजी होती, धाकट्याच्या वेळी ती गेली होती. एकाला चांगला मास्तर मिळाला, दुसऱ्याला वाईट संगत. भावंडांची निम्मी जनुकंही वेगळी असतात, त्यामुळं एकच बोलणं एकाला टोचतं, दुसऱ्याला लागत नाही. आईबापांनी मनाला लावून घेऊ नये अशी गोष्ट म्हणजे, मोठेपणीच्या स्वभावातल्या फरकात "एकाच घरात वाढणं" याचा वाटा अभ्यासांत लहानच निघतो. घराबाहेरचे सोबती, योगायोग, आजारपणं यांचा बराच असतो.

हवाई बेटांतल्या कवाईवर 1955 साली जन्मलेल्या 698 बाळांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, दारू, आजार अशा घरांतून आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सगळं पचवून नीट उभी राहिली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट म्हणजे आईबाप नसले तरी एखादं तरी माणूस खंबीरपणे पाठीशी होतं. आजी, मामा, शेजारीण, शिक्षक.

गरिबीतून वर आलेल्यांची उदाहरणं लोक तोंडावर फेकतात, "त्याला जमलं, तुला का नाही?" त्या एकाला विचारा, तुझ्या पाठीशी कोण होतं. नाव निघतंच.

## "मग चुकीला माणूस जबाबदारच नाही म्हणा"

असं मी म्हणत नाही. बायकोला मारणाऱ्याच्या बापानंही आईला मारलं होतं, हे कारण झालं. त्यानं मार खाणारीचं दुखणं कमी होत नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाला आपण काय करतोय हे कळतं आणि त्याला जाब विचारलाच पाहिजे. सहा वर्षांच्या लेकराला मात्र जमिनीचा जाब विचारू नये. आपण नेमकं उलटं करतो, मोठ्याला "जाऊ द्या" म्हणतो आणि लहानग्याला "ढ" म्हणतो.

"ढ" शब्दाचंही ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. कोणाची जात कोणती हे उच्चारलं नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची मुलं सारखीच निघाली. मग सगळ्यांसमोर नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. तीच मुलं, तोच कागद. समाज आपल्याकडं कसा बघतो याची आठवण करून देण्याइतकंच घडलं होतं.

मीही त्या मुलीला "बस खाली" म्हणालो होतो. मैत्रीण बोलली नसती तर ती 2442 वरच बसून राहिली असती.

## दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस

हंगामी वसतिगृह हा आमच्या भागातला उपाय. आईबाप फडात जातात, लेकरू गावातच आजी-आजोबांकडं राहतं, शाळेत जेवतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 शासकीय वसतिगृहांची योजनाही 2021 पासून आली. सगळीकडं ती सारखी चालते असं नाही. पण गावात राहिलेल्या लेकरांच्या हजेरीपटावर त्या लांब रेघा नसतात, हे मी स्वतः भरलेल्या पटांवरून सांगतो.

निवृत्त झालो तरी दसऱ्याच्या आधी मी वही घेऊन वस्तीवर फिरतो. कोणाची आजी मागं राहणार, कोणाच्या घरी दिवा आहे, कोणतं लेकरू न्यायचं नाही म्हणून आईबापांना तयार करायचं. गेल्या वर्षी एका आजीला म्हणालो, "मावशी, नातीला ठेवून घ्या, जेवणाचं शाळेत होतंय." त्यांनी तिला जवळ ओढलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ठिवते की गुर्जी. पोट भरीन, उवा काढीन, रातच्याला कुशीत घेईन. पर मला पाटीवरलं दिसत न्हाई. आब्यास कोण घील?"

वहीत तिच्या नावापुढं मी "राहणार" लिहिलं, आणि खाली त्याच वाडीतल्या बारावी झालेल्या एका पोरीचं नाव लिहून तिच्या घराकडं वळलो.